मेंबरसाहेब आणि रुमालाचं बिल

मेंबरसाहेबांच्या घरी जेवायला बसलं की पहिला घास तोंडात जायच्या आत प्रश्न यायचा. चष्मा कपाळावर चढवून, ताटाकडे बघत ते स्वयंपाकघराच्या दिशेने विचारायचे, "अ, आजच्या वांग्यात तेल कमी पडलं हे खरं हाय काय? ब, असल्यास कावून? आन् क, याच्यावर काय उपाय कराचं ठरलं हाय?"

बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून उत्तर द्यायच्या, "अ, खरं हाय. ब, तेल आनाले तुमालेच सांगतलं होतं. क, उद्या कोरडी भाकर भेटन."

"उत्तर समाधानकारक हाय," असं म्हणून ते जेवायला लागायचे.

नागपूरच्या कौन्सिलात, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या विधिमंडळात, सरकारला प्रश्न विचारायची हीच रीत होती. एकेका प्रश्नाचे अ, ब, क असे तुकडे करायचे. अमुक गोष्ट खरी आहे काय, असल्यास का, आणि सरकार काय करणार. वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने बोलताच येईना. न्हाव्याला, पोस्टमनला, गाडीवानाला, सगळ्यांना तीच तऱ्हा. त्यांचं बिऱ्हाड अमरावतीला आणि शेती अकोल्याच्या बाजूला, मूर्तिजापूरजवळ. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना त्यांच्या प्रश्नांची सवय झाली होती.

मी अकोल्याच्या कापूस बाजारात दलाल होतो. या माणसाने माझा धंदा बुडवायचं बिल कौन्सिलात आणलं, आणि ते बिल अखेर पास झालं. पण माझा त्यांच्यावर जो राग आहे तो बिलाचा नाही. एवढे प्रश्न विचारणाऱ्या माणसाने एकदा, जिथे विचारायला हवं होतं तिथे, मला एक प्रश्न विचारला नाही. त्याचा आहे.

आधी रुमालाचं सांगतो, कारण आताच्या लोकांना ते माहीत नाही.

त्या काळी आमच्या बाजारात कापसाचा भाव तोंडाने बोलत नसत. शेतकरी गाडी घेऊन उभा राहायचा. व्यापारी येऊन मूठभर कापूस ओढून बघायचा. मग दलाल खांद्यावरचा रुमाल आपल्या आणि व्यापाऱ्याच्या हातांवर टाकायचा आणि त्याखाली त्याचा हात धरायचा. व्यापारी बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, मधलं पेर म्हणजे अर्धा, अशी ती भाषा. दलाल उलट दाबून वाढवून मागायचा. वरून बघणाऱ्याला फक्त हलणारा रुमाल दिसायचा. सौदा जुळला की हात सुटायचा आणि दलाल शेतकऱ्याच्या कानात भाव सांगायचा.

कानात जो भाव सांगितला तोच बोटांनी दाबलेला असायचा असं मी म्हणणार नाही. मधलं एखाद-दोन रुपयांचं अंतर दलालाकडे राहायचं, दलालीहून वेगळं. सगळेच ठेवत. प्रत्येक गाडीला नाही, पण हाताला सवय असायची.

मला ही विद्या बाळापूरच्या एका म्हाताऱ्या मुसलमान दलालाने शिकवली. सगळा बाजार त्यांना उस्ताद म्हणायचा. मी गावाहून रिकाम्या हाताने आलो होतो आणि कापसाच्या पाट्या उचलत होतो. माझी बोटं बघून त्यांनी मला हाताशी धरलं. पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली, "बेटा, रुमाल के नीचे जो हुआ वो दो हाथों का है. तिसरे को नको बोलना. भाव फुटला तो समझ तेरा हाथ कटा." हा बाजारातला सगळ्यात पक्का नियम होता. शेतकऱ्याला दोन रुपये कमी सांगितले तर कोणी तोंडावर काही बोलत नसे. पण व्यापाऱ्याने काय दाबलं होतं हे ज्याने बाहेर सांगितलं, त्या दलालाच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालत नसे.

या धंद्यावर मी अकोल्यात घर बांधलं, थोडी जमीन घेतली, आणि सारा भरू लागल्यामुळे माझं नाव मतदारांच्या यादीत चढलं. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. सारा भरणारे, घरपट्टी भरणारे, असे मोजके. म्हणून मेंबरसाहेबांना आपला मतदार नावानिशी माहीत असायचा, आणि त्याचे बैलसुद्धा. निवडणूक आली की दमणी जुंपून ते दारोदार निघत. माझ्या दाराशी आले तेव्हा रुमालाच्या बिलाची चर्चा बाजारात सुरू झालेली होती.

ओसरीवर बसून त्यांनी पाणी प्यायलं आणि विचारलं, "अ, तुमी या खेपेले मले मत देनार हे खरं हाय काय?"

"नाई," मी म्हणालो.

"ब, नसल्यास कावून?"

"तुमी रुमाल बंद कराले निघाले म्हनून."

त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली आणि लिहायला लागले. "क?"

"क काय?"

"याच्यावर तुमी काय करनार ते."

"तुमाले पाडनार!"

"पा-ड-नार," असं म्हणत त्यांनी शांतपणे लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. माझ्या नावापुढे तीन शब्द होते : नाही, रुमाल, पाडणार. "बरोबर उतरलं न? मंग सही करा."

मी रागाच्या भरात सही केली. ते चहा पिऊन गेले. निवडून आल्यावर आठव्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन परत आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या अ अन् ब बद्दल काई म्हननं नाई. पन तुमचा क राहून गेला."

निवडून आल्याचाही त्यांना पुरता आनंद मिळत नसे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा, अशी भानगड असल्यामुळे वऱ्हाडचा मेंबर लोकांनी निवडला तरी गव्हर्नराने त्याला पुन्हा नेमावं लागे. ते म्हणायचे, "लग्न लागलं, वरात आली, तरी सरकार म्हनते थांबा, आता मी तुमाले जावई नेमतो."

त्यांचं इंग्रजी त्यांनी स्वतः तयार केलं होतं. प्रश्न इंग्रजीत छापून द्यायचे, पण तोंडी बोलायची वेळ आली की ते अध्यक्षांची परवानगी काढून मराठीत उतरत. रेल्वेचा वरच्या वर्गाचा पास खिशात असूनही तिसऱ्या वर्गात बसत. विचारलं की म्हणत, "वरच्या डब्यात प्रश्न भेटत नाईत. तेथी सगळे झोपेल असतात."

कौंडण्यपूरच्या जत्रेत ते दर वर्षी वर्धा नदीच्या काठी सतरंजी टाकून बसायचे आणि लोकांचे प्रश्न उतरवून घ्यायचे. एकदा एका बाईने सांगितलं, जावई पोरीला नांदायला नेत नाही, हे कौन्सिलात विचारा. दुसरा कोणी असता तर हसला असता. यांनी घरी जाऊन आपल्या छापील कागदावर जावयाला पत्र घातलं : अ, आपली पत्नी दिवाळीपासून माहेरी आहे हे खरे काय? ब, असल्यास कारण काय? क, आपण याबाबत कोणती पावले उचलणार व केव्हा? वर मेंबर, लेजिस्लेटिव्ह कौन्सिल असा ठसा. जावई चौथ्या दिवशी बैलगाडी घेऊन सासऱ्याच्या दारात हजर झाला.

सरकार मात्र जावयाइतकं भित्रं नव्हतं. आमच्याकडच्या एका नाल्यावरची मोरी खचली, तेव्हा यांनी विचारलं, अमुक ठिकाणची मोरी खचली आहे हे खरे काय? माहिती मागवली आहे, असं उत्तर आलं. पुढच्या अधिवेशनातही तेच. तिसऱ्या वर्षी उत्तर आलं की त्या ठिकाणी मोरी नाही. हे मोठ्या खुशीत सांगत अकोल्याला उतरले. मी चिडून म्हणालो, "साहेब, हे तं सरकार सरळ खोटं बोललं!"

"खोटं कुठी? मागच्या पुरात वाहून गेली न. सरकार बरोबर सांगून राहिलं."

पुढे लढाईच्या वर्षांत विधिमंडळच बंद पडलं तेव्हा यांची फार उपासमार झाली. विचारायला सरकार उरलं नाही. त्या काळात बाईंनी मला एकदा हात जोडून सांगितलं होतं, "भाऊ, कवा उघडते हो ते? मले उत्तरं देऊन देऊन वीट आला."

तर असा हा माणूस रुमालाच्या मागे लागला होता. शेतकऱ्याचा माल विकतो आणि त्याचा भाव त्यालाच ऐकू येत नाही, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, भाव चारचौघांत मोठ्याने पुकारावा, लिलाव व्हावा. बिल कौन्सिलात मांडलं गेलं आणि एका कमिटीकडे विचाराला गेलं. कमिटीने दलालांच्या बाजूने साक्ष द्यायला एक माणूस मागितला. बाजाराने मला पाठवलं. उस्ताद स्टेशनपर्यंत आले आणि म्हणाले, "जा. रुमाल रहा तो हम रहे."

कमिटीत पाच-सहा माणसं होती, मेंबरसाहेबही. अध्यक्ष गोरा साहेब, मराठी बऱ्यापैकी समजणारा. त्याने मला आधी बरेच प्रश्न विचारले. मी बोलण्यात कोणाला हार जाणारा नव्हतो. म्हटलं, साहेब, चारचौघांत भाव बोलला तर ज्याचा माल हलका त्याची अब्रू जाते. रुमालाखाली कोणाची अब्रू जात नाही. आणि शेतकऱ्याचा दलालावर विश्वास आहे म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच दलालाकडे येतो. साहेबाला हे पटत चाललेलं दिसलं. तो म्हणाला, "हे करून दाखवा."

कापूस नव्हता, गाडी नव्हती. मेंबरसाहेब उठले, खांद्यावरचं उपरणं काढून मला दिलं आणि म्हणाले, "मी व्यापारी बनतो." दाराशी एक चपराशी उभा होता, आर्वीकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. त्याला शेतकरी केलं.

मी उपरणं टाकलं आणि त्यांचा हात धरला. त्यांनी छप्पन दाबले. बोटं शेतकऱ्याची, जाड, पण भाषा अगदी शुद्ध. बिल आणण्यापूर्वी त्यांनी ती शिकून घेतली होती. मी वाढवून मागितलं. ते अठ्ठावन्नवर आले. मी हात सोडला नाही. खोटा सौदा आहे, गाडी नाही, कापूस नाही, हे मी साफ विसरलो. त्यांना साठवर आणलं, मग एकसष्टवर, आणि शेवटी बासष्टवर त्यांनी अंगठा दाबून सांगितलं की बस्स. मी हात सोडला, चपराशाच्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साठ!"

चपराशी खूश होऊन म्हणाला, "साठ? बरं हाय न भाऊ. देऊन टाका."

कमिटी हसली. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं. खोट्या सौद्यातसुद्धा माझ्या जिभेने दोन रुपये बाजूला ठेवले होते. आणि हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. मला, आणि ज्याच्या बोटांनी बासष्ट दाबले होते त्याला. त्याचं सगळं बिल या दोन रुपयांवर उभं होतं. एक वाक्य बोलला असता तर मी तिथेच उघडा पडलो असतो आणि रुमालही माझ्याबरोबर गेला असता.

साहेबाने त्यांना विचारलं, "बाजारात असंच होतं काय?"

मेंबरसाहेबांनी उपरण्याची घडी घातली, ते खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "हो साहेब. अगदी असंच."

साहेबाने मान डोलावली. बिल त्या वर्षी बारगळलं.

परतीच्या गाडीत आम्ही एकाच डब्यात होतो. त्यांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, मला अर्धी दिली. मग प्रश्न सुरू झाले. माझ्या गावात विहिरी किती, पाणी कोणत्या महिन्यात आटतं, बायको कुठली, तिच्या माहेरी कापूस की ज्वारी, मी तंबाखू केव्हापासून खातो. भाकरी आणि ठेचा माझ्या हातात तसाच होता. प्रत्येक प्रश्नाला वाटायचं, आता विचारतील. बडनेरा आलं. अमरावतीला जायला ते तिथे उतरले. खिडकीतून म्हणाले, "अ, तुमी ठेचा खाल्ला नाई हे खरं हाय काय?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

बाजाराने माझं स्वागत हारतुऱ्याने केलं. मी बिल पाडून आलो होतो. पण तो हंगाम मला फार वाईट गेला. रुमालाखाली हात घातला की बासष्ट आठवायचे. शेतकऱ्याच्या कानाशी वाकलो की जीभ अडकायची. मी खरा भाव सांगायला लागलो, आणि खरा सांगितला म्हणून स्वतःवरच चिडायला लागलो. माणसाला चोरी पकडली गेल्याचा राग येतो हे मला माहीत होतं. पकडून सोडून दिल्याचा राग त्याहून मोठा असतो हे तेव्हा कळलं.

संक्रांतीनंतर एक दिवस मी तडक अमरावतीला गेलो. ते अंगणात पाटावर बसून हजामत करून घेत होते. अर्ध्या गालाला साबण होता. मी चपलाही काढल्या नाहीत.

"मले कावून नाई विचारलं?" मी ओरडलोच.

"काय?"

"तुमाले माहीत हाय काय! तुमी बासष्ट दाबले. म्या साठ सांगतले. साऱ्या दुनियेले सवाल करता, मले कावून नाई केला?"

न्हावी वस्तरा धरून थांबला. बाई दारात आल्या. मेंबरसाहेब म्हणाले, "बसा तं खरं भाऊ."

"बसाले नाई आलो मी."

"मंग उभ्यानं ऐका. रुमालाखालचं तिसऱ्याले सांगू नाई, हा तुमच्या बजाराचा नियम हाय का नाई?"

"हाय. पन तुमाले तं तो रुमालच बंद कराचा हाय!"

"कराचाच हाय. पन बंद होत नाई तवरोक तो हाय न? मी हात घातला तवा नियम चालू होता." त्यांनी गालावरचा साबण बोटाने पुसला. "भाऊ, मले नियम बदलाचा हाय. मोडाचा असता तं एवढ्या खेपा नागपूरले कायले मारल्या असत्या?"

हे ऐकून मी आणखी चिडलो. "तुमी विचारलं असतं तं मी सरळ खोटं बोललो असतो. मोकळा झालो असतो मी!"

"हाव," ते म्हणाले, "मले वाटलंच होतं."

बाईंनी चहा आणला. चहा पिता पिता मी स्वतःहून म्हणालो की पुढच्या खेपेला बिल आणा, मी येऊन खरं सांगतो. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचा धंदा जाईन. दुसरे दलाल बोलनार नाईत तुमच्यासंग."

"ते मी पाहीन. पन फुकट नाई येत." हाताला जसा दोन रुपयांचा तसा तोंडाला सौद्याचा चाळा. "लिलाव पुकाराचं काम जुन्या दलालांनाच भेटलं पायजे. दलालीचा दर कायद्यात बांधून पायजे. अन् लिलावाचा ओटा माह्या दुकानासमोर पायजे."

"विचारतो," ते म्हणाले.

"विचारतो नाई. कबूल करा."

"भाऊ, मेंबर कबूल करत नसते. मेंबर विचारते."

तासभर मी घासाघीस केली. अकोल्याच्या बाजारात मोठमोठ्या व्यापाऱ्यांना मी अठ्ठावन्नचे बासष्ट करायला लावले होते. हा माणूस 'विचारतो'च्या पुढे एक बोटभर सरकला नाही. आणि तरी मी जायला कबूल झालो. एवढा वाईट सौदा मी जन्मात दुसरा केला नाही.

पुढच्या वर्षी बिल पुन्हा आलं. साहेब तोच होता, खोली तीच, दाराशी चपराशी तोच. मी उभा राहून सांगितलं, "मागल्या खेपेला मेंबरसाहेबांनी बासष्ट दाबले होते. मी साठ सांगितले. खोटा सौदा होता तरी सांगितले. हाताची सवय आहे. बाजारात सगळ्यांची आहे."

साहेबाने मेंबरसाहेबांना विचारलं, "तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"ते माझ्या एकट्याचं नव्हतं साहेब. अर्धं यांचं होतं."

तेवढ्यात दारातून आवाज आला. चपराशाला राहवलं नव्हतं. "मंग दलालभाऊ, माहे दोन रुपये कुठी गेले?"

गोरा साहेबसुद्धा टेबलावर हात आपटून हसला. बिल पास व्हायला आणखी दोन अधिवेशनं गेली, पण माझ्या मते ते त्या चपराशाने त्याच क्षणी पास केलं.

मी अकोल्याला परतलो तर बाजारात माझ्याकडे कोणी बघेना. उस्तादांच्या दुकानी गेलो. ते पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "हाथ तो मैंने सिखाया था. ये जबान किसने सिखायी?" दोन हंगाम माझ्या रुमालाखाली एकाही व्यापाऱ्याने हात घातला नाही. शेतकरी मात्र येत राहिले, आणि आले म्हणून व्यापाऱ्यांनाही हळूहळू यावं लागलं. त्या दोन वर्षांत मी घरातल्या माणसांवर जेवढा ओरडलो तेवढा कधी ओरडलो नव्हतो. त्याबद्दल मला आता वाईट वाटतं. साक्षीबद्दल वाटत नाही.

कायदा झाला. दलालीचा दर बांधला गेला. लिलाव पुकारायचं काम जुन्या दलालांना मिळालं, म्हणजे मलाही मिळालं. ओटा बांधला तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, ज्या दलालाने माझ्याशी सगळ्यात जास्त वैर धरलं होतं त्याच्या दुकानासमोर. मी मेंबरसाहेबांना जाब विचारला. ते म्हणाले, "मी विचारलं होतं. सरकारचं उत्तर आलं, तेथी सावली हाय." आणि सावली खरंच होती.

पहिल्या उघड्या लिलावाच्या दिवशी सगळा बाजार लोटला होता. मी ओट्यावर चढलो. आयुष्यभर कुजबुजून भाव सांगणारा मी, तोंड उघडलं तर आवाज पहिल्या रांगेपुढे जाईना. व्यापारी मिशीत हसायला लागले. तेव्हा गर्दीतून उस्ताद पुढे आले, ओट्याच्या पायरीवर बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "पेट से निकाल आवाज. गले से नको." मी पोटातून आवाज काढला. तो बाजाराच्या फाटकापर्यंत गेला.

चार-पाच गाड्या चांगल्या भावाने गेल्या. भाव ऐकून शेतकरी एकमेकांकडे बघत होते, जणू काही चुकीचं ऐकू आलं. मग गर्दी बाजूला झाली आणि एक गाडी आली. वर मेंबरसाहेब स्वतः बसलेले, नवं उपरणं, कपाळाला गंध. आपल्या कायद्याच्या पहिल्या दिवशी आपलाच कापूस विकायचा म्हणून मूर्तिजापूरहून पहाटे निघाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्यापाऱ्याने गाडीत हात खुपसला, मूठभर कापूस काढला, दाबला, आणि मेंबरसाहेबांकडे बघून अवघडला. त्याने तो माझ्या हातात दिला. कापूस ओला होता. आमच्याकडे काही लोक वजन वाढावं म्हणून गाडी भरताना कापसावर पाणी शिंपडत. गाडी हाकत आलेल्या त्यांच्या सालदार गड्याने, दर वर्षी करतो तसंच, मालकाला न विचारता शिंपडलं होतं. रुमालाखाली असतं तर हलका भाव दोन हातांत राहिला असता आणि मेंबरसाहेब मान वर करून घरी गेले असते. मी हेच त्या साहेबाला नागपुरात सांगितलं होतं.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. सालदाराकडे बघितलं. सालदार बैलाच्या शिंगाकडे बघायला लागला.

व्यापाऱ्याने भाव दिला. आधीच्या सगळ्या गाड्यांपेक्षा कमी. दुसऱ्याने अर्धा रुपया चढवला आणि तिथेच तो थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. मेंबरसाहेबही.

नव्या नियमात भाव दोनदा पुकारावा असं लिहिलेलं होतं. मी चारदा पुकारला. "मेंबरसाहेबांचा कापूस, ओला," असं आधी जोडून पुकारला.

ते गाडीवरून उतरले, उपरणं झटकलं आणि ओट्यापाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "ऐकू आलं भाऊ. पार मूर्तिजापूरवरोक गेलं असन." आणि त्याच भावाने कापूस देऊन टाकला.